केस पुन्हा गळायला लागले: दर काही महिन्यांनी परतणाऱ्या केसगळतीचा माग कसा काढायचा

घरातल्या कुत्र्याचे केस गळण्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. शॅम्पू बदलला, खाणं बदललं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू केल्या, महिनाभर फरक पडला आणि आता ये रे माझ्या मागल्या. कुत्र्याच्या जागी कधी मांजर असतं, कधी ससा. बाकी मजकूर तोच. महिनाभर पडलेला तो फरक नेमका कशामुळे पडला, हे मात्र कोणी विचारत नाही. बऱ्याचदा तो शॅम्पूमुळे पडलेला नसतोच. झडीचा हंगाम संपत आलेला असतो आणि त्याच आठवड्यात आणलेल्या बाटलीला श्रेय मिळून जातं. पुढचा हंगाम आला की तीच बाटली कुचकामी ठरते आणि दुसरी येते.

घरभर केस दिसतात तेव्हा त्यामागे तीनपैकी एक गोष्ट असते. एक, त्या जातीचे केस तेवढे गळतातच. दोन, गळायचे ते केस मुळापासून सुटलेत, पण अंगातच अडकून राहिलेत आणि रोज थोडेथोडे बाहेर पडताहेत. तीन, त्वचेला किंवा शरीराला काहीतरी झालंय. पहिल्यावर इलाज नाही, फक्त बंदोबस्त आहे. दुसरी ब्रशने सुटते. तिसरीला पशुवैद्य लागतो. पहिल्या प्रकाराला औषधं पाजत बसलो किंवा तिसऱ्यावर ब्रश फिरवत बसलो, तर दुखणं परत परत येणारच.

आधी कातडी बघा

गळलेले केस बघून फारसं काही कळत नाही. ज्या अंगावरून ते गळले ते बघावं लागतं. दिवसाच्या उजेडात प्राण्याला कुशीवर झोपवा आणि दोन्ही अंगठ्यांनी केस दोन बाजूंना सारून भांग पाडा. पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, काखेत, पोटावर, कानामागे आणि मांडीच्या आतल्या बाजूला, एवढ्या सगळ्या ठिकाणी. कातडी फिकट गुलाबी किंवा जातीप्रमाणे काळसर, कोरडी, गुळगुळीत आणि वास नसलेली असेल, केस सगळीकडे सारखे दाट असतील आणि प्राणी खाजवत नसेल, तर कितीही केस पडत असले तरी ही साधी झड आहे. डबाभर केस निघूनही टक्कल पडलेलं नाही, ही त्यातली सगळ्यात आश्वासक खूण.

आता चिमटीत आठ-दहा केस धरून केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने हलकेच ओढा. झडीच्या दिवसांत मऊ केसांचा एक पुंजका सहज हातात येतो आणि प्राण्याला पत्ताही लागत नाही. तिथली कातडी उघडी पडत नाही, कारण खाली राठ केस शाबूत असतात. पण पुंजका निघाल्यावर खाली उघडी कातडी दिसली, केसांच्या बुडाशी खपली किंवा कोंडा चिकटून आला, किंवा प्राणी दचकला, तर सरळ खालच्या आजारांच्या भागाकडे जा. मधलं वाचण्यात वेळ घालवू नका.

काही उघड्या जागा नैसर्गिक असतात, त्यांची धास्ती घेऊ नये. मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांवर घट्टे पडून केस जातात. मांजरांच्या डोळ्याच्या वर आणि कानाच्या पुढे केस विरळच असतात, आखूड केसांच्या मांजरात ते जास्त जाणवतं.

कोणाचे किती गळणार

प्रत्येक केसाला आयुष्य असतं. तो वाढतो, थांबतो, मुळाशी सैल होऊन तसाच बसून राहतो आणि मग पडतो. कोणत्या जातीचे केस या चक्रात कुठे जास्त काळ घालवतात, यावर सगळा फरक ठरतो. पूडलचे बहुतेक केस सतत वाढत्या अवस्थेत असतात, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे. म्हणून ते कापावे लागतात, पण गळतात कमी. हस्की आणि मॅलाम्यूट यांचं उलटं. त्यांचे बहुतेक केस वाढ पूर्ण करून थांबलेले असतात आणि हंगाम आला की मोठ्या संख्येने एकदम सुटतात.

हंगाम ठरतो तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून. तापमानाचा वाटा असतो, पण दुय्यम. दिवस मोठे होऊ लागले की जाड आतला थर पडतो, लहान होऊ लागले की हलका थर जाऊन पुन्हा जाड येतो. बाहेर राहणाऱ्या कुत्र्यात हे वर्षातून दोनदा, ठळकपणे, काही आठवड्यांत उरकतं. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात राहणाऱ्या घरातल्या कुत्र्या-मांजरांना दिवसाची लांबी नीट कळतच नाही. त्यांची झड वर्षभर पसरते आणि मधूनच वाढते. 'आमचा बारा महिने गळतो' या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

सगळ्यात जास्त झडतात ते दुहेरी थराचे, म्हणजे डबल कोटचे: जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, सामोयेड, अकिता, कॉर्गी, पोमेरेनियन. बाहेर राठ केस, आत लोकरीसारखा मऊ थर. लॅब घेताना 'आखूड केस आहेत, त्रास कमी' असा हिशोब करणारे पुढे फार पस्तावतात. केसाच्या लांबीचा आणि गळण्याचा संबंध नाही. पगचंच बघा. एवढासा जीव, पण फिकट बदामी रंगाच्या पगला बहुधा दुहेरी थर असतो आणि तो आकाराच्या मानाने थक्क करणारे केस टाकतो. डाल्मेशियन, बीगल, बॉक्सर यांचे केस आखूड, ताठ आणि टोकदार असतात. ते कापडात सुईसारखे घुसतात आणि झाडून निघत नाहीत. माझ्या मते घर साफ ठेवण्याच्या दृष्टीने लांब केसांच्या जातीपेक्षा हे जास्त चिवट, कारण लांब केस निदान गोळा होऊन कोपऱ्यात तरी सापडतात.

कमी गळणाऱ्यांत पूडल, बिशॉन फ्रीझ, माल्टीज, शिहत्झू, यॉर्कशायर टेरिअर, हॅवानीज, पोर्तुगीज वॉटर डॉग आणि श्नाउझर येतात. यांतल्या कित्येकांना दाढी, मिशा आणि जाड भुवया असतात, आणि तो योगायोग नाही. कुत्र्यांच्या केसांतलं बहुतेक वैविध्य तीन जनुकांवर बेतलेलं आहे, हे 2009 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. त्यातल्या आरस्पॉन्डिन-2 नावाच्या जनुकामुळे दाढी-मिशा येतात. पुढे याच जनुकाचा, आणि एमसी5आर या दुसऱ्या एका जनुकाचा, केस कमी-जास्त गळण्याशीही संबंध सापडला. त्यामुळे मिश्र पिल्लू बघताना चेहऱ्यावर दाढी-भुवया दिसल्या तर ते कमी झडण्याची शक्यता बरी. शंभर टक्के खात्री मात्र नाही.

लॅब्राडूडलच्या बाबतीत हेच विसरलं जातं. 1989 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या एका गाइड डॉग संस्थेत लॅब आणि पूडल यांचा संकर झाला, कारण एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला अ‍ॅलर्जी होती. त्यावरून 'डूडल म्हणजे न गळणारा' असा बोलबाला झाला. प्रत्यक्षात पिढी पुढे गेली की एकाच वेतात एक पिल्लू पूडलसारखं आणि दुसरं लॅबसारखं गळणारं निघू शकतं. विकणारा सांगेल ते ऐकण्यापेक्षा जमल्यास पिल्लाच्या मोठ्या झालेल्या भावंडांवरून हात फिरवून बघा. पिल्लाच्या केसांवरून काही कळत नाही. ते मऊ केस साधारण चौथ्या-सहाव्या महिन्यापासून जायला लागतात आणि खरा कोट मग येतो. नेमक्या त्याच वेळी 'पिल्लाचे अचानक केस गळायला लागले' म्हणून घाबरगुंडी उडते.

कमी गळणाऱ्या जातींत एक छुपा तोटा आहे. सुटलेला केस जमिनीवर पडत नाही, शेजारच्या कुरळ्या केसांत गुंततो. दोन आठवडे विंचरलं नाही की कानामागे, काखेत, पट्ट्याखाली जटा होतात. त्या कातडी ओढतात, खाली ओल धरतात आणि तिथे जखम होते. म्हणजे फरशी साफ राहिली, पण काम वाचलं नाही.

ब्रश फिरतो, पण पोचत नाही

'आम्ही रोज ब्रश करतो' असं सांगणाऱ्यांच्या घरी गळती वारंवार परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो. ब्रश पाठीवरून सरसर फिरतो, वरचे केस चमकायला लागतात, कुत्राही खूश. पण आतला मेलेला थर कातडीलगत तसाच बसून राहतो. तो पुढचे दोन महिने सोफ्यावर, गाडीत, कपड्यांवर हप्त्याहप्त्याने येत राहतो.

तपासायची रीत सोपी आहे. ब्रश करून झाला की एक धातूचा कंगवा घ्या, ज्याचे अर्धे दात जवळजवळ आणि अर्धे लांब असतात तो. मांडीच्या मागच्या पिसाऱ्यात, मानेच्या आयाळीत आणि कानामागे तो कातडीपासून टोकापर्यंत चालवून बघा. मध्येच अडला किंवा दातांत करड्या लोकरीचा गठ्ठा आला, तर ब्रश आत पोचलाच नव्हता.

पोचवायचा कसा? एका हाताच्या तळव्याने केसांचा मोठा भाग वर दाबून धरा, म्हणजे त्याच्या खालच्या कडेला कातडीची एक रेघ दिसेल. त्या रेघेपासून थोडेथोडे केस खाली सोडत विंचरा. एक ओळ झाली की तळवा बोटभर वर सरकवा आणि नवी रेघ काढा. पोटाकडून पाठीकडे, मागून पुढे. वेळ लागतो. मोठ्या डबल कोटच्या कुत्र्याला पहिल्यांदा एका बैठकीत पूर्ण करायचा हट्ट धरू नये. आज मागचे पाय, उद्या कूस, असं करा. चांगल्या झालेल्या भागात कंगवा अडथळ्याशिवाय जातो, आणि तिथे तोंडाने फुंकर मारली तर कातडी दिसते.

हत्यार कोटाप्रमाणे बदलतं. दुहेरी थराला लांब आणि विरळ दातांचा अंडरकोट रेक आणि त्यामागून स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक तारांचा ब्रश. बीगल, बॉक्सर, पग यांना रबरी दात्यांचा ब्रश, गोल गोल फिरवून. कुरळ्या आणि रेशमी केसांना स्लिकर आणि कंगवा. स्लिकरच्या तारा टोकदार असतात. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. तुम्हाला जेवढा दाब सहन होतो त्याहून कमी दाब कुत्र्याला द्या. एकाच जागी घासत राहिलं की कातडी लाल होते, दुसऱ्या दिवशी तो ती चाटतो, आणि मग 'ब्रशमुळे केस गेले' हे अक्षरशः खरं ठरतं. पात्यासारखी धार असलेली डीशेडिंग हत्यारं मी बेताने वापरायला सांगेन. पहिल्या दिवशी ढीग निघतो म्हणून हात थांबत नाही, पण ती वारंवार फिरवली की मेलेल्या केसांबरोबर वरचे चांगले केसही तुटतात. कुरळ्या कोटाला तर ती लावूच नयेत.

राहिला मुद्दा सरसकट केस भादरण्याचा. डबल कोटच्या कुत्र्याला भादरल्याने गळती थांबत नाही. केस तेवढेच पडतात, फक्त आखूड पडतात, आणि ते कापडातून काढणं अधिक जिकिरीचं होतं. वर काही कुत्र्यांत भादरलेल्या जागी महिनोन्‌महिने केस नीट येत नाहीत किंवा पोत बदलून येतात. पोमेरेनियन आणि हस्कीसारख्यांत हे विशेष दिसतं. ऊन थेट कातडीवर पडतं ते वेगळंच. जटा इतक्या घट्ट असतील की विंचरणं म्हणजे छळ, किंवा शस्त्रक्रिया असेल, तेव्हा भादरणं योग्य. एरवी तो उपाय आगीतून फुफाट्यात नेणारा.

आंघोळ

झडीच्या दिवसांत एक नीट घातलेली आंघोळ आठवडाभराच्या ब्रशचं काम करते. कोमट पाण्याने आणि चोळण्याने सैल केस सुटतात. पण क्रम चुकला की उलटं होतं. गुंता आधी सोडवायचा, पाणी नंतर. ओल्या जटा आवळून बसतात. माणसांचा शॅम्पू नको, कारण कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा कमी असते आणि आपला शॅम्पू तिला कोरडी करतो. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा, आणि मग त्याहून थोडं जास्त. शेवटी कातडीपर्यंत वाळवा. जाड कोट वरून कोरडा वाटतो आणि आत ओला राहतो, तिथे आंबूस वास येऊ लागतो, यीस्ट नावाची बुरशी वाढते, खाज सुटते आणि गळती परत. निरोगी कुत्र्याला चार ते सहा आठवड्यांतून एकदा आंघोळ बहुधा पुरते. दर आठवड्याला साबण लावून कोरडी पडलेली त्वचा मी फार पाहिली आहे, आणि तिच्यावर उपाय म्हणून अजून एक शॅम्पू आणलेलाही.

टी ट्री तेल किंवा कुठलंही तीव्र सुगंधी तेल अंगाला लावू नका. कुत्र्या-मांजरांना त्यातून विषबाधा होऊ शकते.

एकदाच येऊन जाणारी गळती

मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा जबर ताण येऊन गेला की अनेक केस एकदम वाढ थांबवतात आणि एक ते तीन महिन्यांनी एकत्र पडतात. मधल्या काळात मूळ घटना विसरलेली असते, म्हणून कारण सापडत नाही. व्यालेली कुत्री पिल्लं दूध सोडत असताना अगदी विरळ दिसू लागते. खाणं सकस असेल आणि त्वचा स्वच्छ असेल तर नवे केस आपोआप येतात. क्लिनिकच्या टेबलावर पाय ठेवताच कुत्र्या-मांजराचे केस ढगासारखे उडायला लागतात, तो घाबरल्याचा परिणाम. घरी आलं की थांबतो. नसबंदीनंतर कॉकर आणि सेटरसारख्या काही जातींत केस अधिक दाट, लोकरी होतात. ते बिघडलेले नसतात, फक्त विंचरणं वाढतं.

आजार असेल तर कसा ओळखायचा

पिसवा सगळ्यांत पहिल्या संशयित. 'एकही दिसली नाही' हा पुरावा नव्हे, कारण पिसवांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असलेला प्राणी मोजक्या चाव्यांनीही बेजार होतो आणि मांजर तर पिसू चाटून गिळूनही टाकतं. जागा बघा: कमरेवर, शेपटीच्या बुडाशी, मांडीच्या मागे केस तुटलेले किंवा गेलेले असतील तर बारीक दातांचा कंगवा तिथे फिरवा आणि निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. मातीचा कण काळाच राहतो. पिसवांच्या विष्ठेभोवती मिनिटाभरात तांबूस-विटकरी वलय पसरतं, कारण ते पचलेलं रक्त असतं.

पिसवांची केसगळती परत का येते, याचं उत्तर घरात आहे. अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, गालिच्यात, फटींमध्ये असतात, आणि कोषातली पिसू महिनोन्‌महिने तग धरून राहू शकते. एकदा औषध लावून थांबलं की नव्या फळीला मोकळं रान मिळतं. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच वेळी, सलग किमान तीन महिने औषध, अंथरुणं गरम पाण्यात धुणं आणि फटींतून व्हॅक्यूम. इथे एक धोक्याची सूचना: कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराचा जीव घेऊ शकतं. मांजराला कुत्र्याचं औषध कधीही लावू नका, अर्धा डोस करूनही नाही.

गोल चट्टे, कडेला कोंडा, मध्ये तुटके केस, आणि घरातल्या कोणाच्या हातावर लाल वर्तुळ उमटलेलं असेल तर तो गजकर्ण असू शकतो. ही बुरशी प्राण्याकडून माणसाला होते. लांब केसांच्या मांजरांत ती फारशी खूण न दाखवताही राहते. निळसर दिव्याखाली ती चमकते हे खरं, पण प्रत्येक वेळी नाही, त्यामुळे दिव्यात काही दिसलं नाही म्हणजे सुटका झाली असं नाही. तिचे बीजाणू घरात दीर्घ काळ टिकतात. केस उगवलेले दिसले की गोळ्या बंद करणं ही गजकर्ण परत येण्याची हमखास वाट. औषध पशुवैद्याने सांगितल्यावरच थांबवायचं.

कानांच्या कडा आणि कोपरं उघडी पडून कुत्रा रात्रंदिवस खाजवत असेल तर खरूज. तीही माणसाला तात्पुरती होते. डोळ्यांभोवती, ओठांजवळ, पुढच्या पायांवर विरळ ठिपके आहेत, पण खाज जवळजवळ नाही, आणि कुत्रा वर्षाच्या आतला, तर डेमोडेक्स या केसांच्या मुळाशी राहणाऱ्या सूक्ष्म किड्याचा विचार करतात. तो आपल्याला होत नाही. दोन्हींचं निदान त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली होतं, नुसत्या फोटोवरून होत नाही. ऐकीव तेलं लावून केलेला घरगुती इलाज फक्त निदान लांबवतो.

खाज नसताना दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होत असतील तर विचार हार्मोनचा करावा. शेपटी उंदरासारखी उघडी, वजन वाढतंय, कुत्रा सुस्त आणि थंडी सहन न होणारा: थायरॉइड कमी. पोट सुटलंय, कातडी पातळ झालीय, पाणी आणि लघवी दोन्ही वाढलीत: कुशिंग, म्हणजे कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त. दोन्ही मध्यम वयानंतरची दुखणी, रक्ततपासणीने कळतात, आणि दोन्हींत 'वय झालं' म्हणून वर्ष-वर्ष वाया जातं.

मांजर, ससा आणि बाकीची मंडळी

मांजराचे केस गळतात की मांजर ते चाटून काढतं, हा पहिला प्रश्न. पोट आणि मांडीची आतली बाजू साफ उघडी, पण कातडी निरोगी दिसतेय, असं असेल तर उरलेल्या खुंटांवर उलट दिशेने बोट फिरवा. टोकं टोचली, किंवा भिंगातून तुटकी दिसली, तर ते जिभेचं काम. मांजर हे लपूनछपून करतं, त्यामुळे 'ती चाटताना कधी दिसली नाही' यावर विसंबू नका. 'ताण असेल' हे निदान सगळ्यांच्या तोंडी असतं. माझ्या मते ते शेवटी यावं. पिसवा, खाण्याची किंवा हवेतली अ‍ॅलर्जी, आणि पोटावरच चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणं, हे आधी बघून झालेलं असावं. म्हातारं मांजर याच्या उलट वागतं. सांधे दुखतात म्हणून मागे वळता येत नाही, कमरेवर मेलेले केस साचून कोंडा आणि जटा होतात. तिथे शॅम्पूपेक्षा सांधेदुखीचा इलाज लागतो.

जातींत पर्शियन, मेन कून, रॅगडॉल जास्त, सयामी कमी, कॉर्निश रेक्सला बाहेरचे राठ केसच नसतात. आठवड्यातून अनेकदा केसांचे गोळे ओकणं मांजराचा स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

सशाची झड डोक्याकडून मागे सरकते आणि कधी अंगावर नकाशा काढल्यासारखी सीमारेषा दिसते. नवे केस येतात तिथली कातडी जाड आणि गडद होते. तो डाग नव्हे. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे चाटून पोटात गेलेले केस खाली ढकलण्यासाठी मुबलक गवत, पाणी आणि हालचाल लागते. झडीच्या दिवसांत रोज हलक्या हाताने केस काढा, कातडी कागदासारखी फाटते हे लक्षात ठेवून. आंघोळ नको. लेंड्या केसांत ओवलेल्या येऊ लागल्या तर गवत वाढवा, आणि लेंड्या बंद झाल्या किंवा ससा काही तास खातच नसेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. मादीने छातीचे केस उपटून घरटं केलं तर ती गाभण आहे किंवा तिच्या शरीराला तसं वाटतंय.

गिनी पिग मादीच्या दोन्ही कुशी खाज नसताना उघड्या पडल्या तर अंडाशयातल्या गाठी तपासतात; खाजवून खाजवून ओरडत असेल तर माइट्स, म्हणजे त्वचेतले सूक्ष्म किडे. पक्ष्यांत पिसं गळणं ठरावीक काळाने होतंच. स्वतःच उपटतो का, हे डोक्यावरून कळतं: अंग उघडं आणि डोकं मात्र पिसांनी भरलेलं, कारण चोच तिथे पोचत नाही. कॉकाटील, कॉकाटू आणि आफ्रिकन ग्रे यांची पांढरी पूड हा काही रोग नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात

केस जवळजवळ पूर्ण प्रथिनांचा असतो, त्यामुळे प्रथिनं कमी पडली की कोट आधी उतरतो. पण संतुलित खाणाऱ्या निरोगी कुत्र्याला वरून पूरकं दिल्याने जातीची झड कमी होत नाही. माशाच्या तेलातल्या ओमेगा-3 चा उपयोग कोरड्या, खाजऱ्या त्वचेला होतो, आणि तो दिसायला सहा-आठ आठवडे जातात. दहा दिवसांत बंद करून दुसरं काही सुरू केलं तर कशाचा गुण आला हे कधीच कळणार नाही. खाण्याच्या अ‍ॅलर्जीची परीक्षाही तशीच: किमान आठ आठवडे ठरवलेलं एकच खाणं, मध्ये एक बिस्किटही नाही. घरातलं कोणीतरी चोरून बिस्किट देतंच, आणि परीक्षा फुकट जाते.

पडलेल्या केसांचं काय

केस कोरडे असताना उचला, ओले झाले की चिकटतात. म्हणून कपडे आणि चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी झटकून किंवा रोलर फिरवून घ्या. सोफ्यावर किंचित ओलसर रबरी हातमोजा एकाच दिशेला ओढला की केसांची वळी तयार होते. ताठ, रुतलेल्या केसांना याहून चांगला उपाय मला तरी सापडलेला नाही. गालिच्यावर खिडकीच्या काचा पुसायचा रबरी वायपर आखूड झटक्यांनी ओढा, मग व्हॅक्यूम. कोरडा झाडू केस हवेत उडवतो आणि ते तासाभराने परत खाली बसतात.

घरात कोणाला अ‍ॅलर्जी असेल तर केस मोजून उपयोग नाही. त्रास देणारी प्रथिनं लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, केस फक्त त्यांचं वाहन. अमेरिकेत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांतल्या धुळीत आणि इतर कुत्र्यांच्या घरांतल्या धुळीत या प्रथिनाच्या प्रमाणात फरक सापडला नाही. पिल्लू घरी आणायच्या आधी अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने त्याच पिल्लाबरोबर, शक्यतो एकाहून अधिक वेळा, वेळ घालवून बघावा.

आणि पशुवैद्याकडे जायचं ठरलं असेल तर आदल्या दिवशी आंघोळ घालू नका. प्राणी स्वच्छ दिसावा म्हणून बरेच जण घालतात, आणि पिसवांचा चुरा, कोंडा, खपल्या, म्हणजे ज्यावरून निदान व्हायचं ते सगळं नाल्यात जातं. चट्टे पहिल्यांदा दिसले तेव्हाचे फोटो, खाज आधी आली की टक्कल आधी, घरात आणखी कोणाला खाज आहे का, आणि आतापर्यंत लावलेल्या प्रत्येक बाटलीचं नाव, एवढं बरोबर असलं की पहिल्याच भेटीत बरंच काम होतं.